मुकी झालेली बाणपेटी

एकदा एका व्यापाऱ्याचे बैल घाट चढता चढता मधेच बसले आणि काही केल्या उठेनात. चुचकारून झाले, शेपट्या पिरगाळून झाल्या, शेवटी व्यापाऱ्याने कुलदैवताला नवसही बोलून पाहिला. पण बैल तो बैल, त्याला नवसाचे काय? दिवस कलत आला, तेव्हा घाटमाथ्यावरच्या लहानशा वस्तीतली माणसे खाली उतरली. त्यांनी बैलांना पाणी पाजले, गोण्या डोक्यावरून वर नेल्या आणि व्यापाऱ्याला नाचणीची भाकरी व कुळथाचे पिठले वाढून निजवले. सकाळी तो निघाला तेव्हा त्याच्याकडून काही घ्यायला कोणी पुढे येईना.

‘पाव्हण्याकडनं काय घ्यायचं असतं व्हय? निघा सुखानं,’ ठकूबाई म्हणाली.

ठकूबाई ही त्या वस्तीतली वृद्ध विधवा. वस्तीत शब्द तिचा चाले, कारण तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

व्यापारी मात्र उपकार विसरणाऱ्यांतला नव्हता. त्याने एका गोणीच्या तळातून एक विचित्र वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. लाकडाचा एक लांब कणा, त्यावर आडवे बसवलेले धनुष्य, बाण घसरत पुढे जावा म्हणून कण्यावर कोरलेली पन्हळ, पन्हळीवर पुढे-मागे सरकणारी एक लाकडी पेटी, आणि त्या पेटीला जोडलेला हातभर दांडा. पेटीचे मात्र वाटेतच तुकडे झाले होते.

‘आई, ज्या देशातून हे आलं, तिथं म्हणे म्हातारी माणसंसुद्धा हे चालवतात,’ व्यापारी म्हणाला. ‘दांडा पुढं ढकलायचा आणि मागं ओढायचा, की बाण सुटतो. पुन्हा दांडा पुढं-मागं, पुन्हा बाण. दोरी बोटांनी ताणायला नको, बाण हातानं लावायला नको. पेटीत बाणांची चळत असते, तिच्यातून एकेक बाण आपला आपण खाली येतो.’

‘आपला आपन? त्यो कसा काय?’

‘ते मला विचारू नका. मी माल वाहतो. मालाच्या पोटात काय चालतं ते मला ठाऊक नाही.’

प्रामाणिक माणूस म्हणायचा! एवढे सरळ कबूल करणारे आपल्यात तरी किती निघतील?

आता ही भेट योग्य दारी आली की नाही, ते पाहा. या वस्तीवर संकट होते. घाटातले एकुलते एक बारमाही पाणी म्हणजे वस्तीशेजारचे खडकातले टाके. ठकूबाईच्या नवऱ्याने आपल्या हयातीत छिन्नी-हातोड्याने ते खोदले आणि त्याच टाक्याच्या काठावर देह ठेवला. त्या पाण्यावर येणारे-जाणारे जगत, वस्ती जगे. पण वस्तीतले तरणे हात किल्ल्याच्या फौजेत गेले होते. उरले होते म्हातारे, बायका आणि लेकरे. दसऱ्याला राजे सीमोल्लंघन करतात, तसे लुटारूही करतात हो! गेल्या साली पीक घरात आले न आले तोच ते घाटातून वर आले आणि कणग्या रिकाम्या करून गेले. टाक्यात घाण टाकून गेले, ते वेगळेच.

किल्लेदार माणूस भला होता, पण त्याच्यापाशी देण्याजोगे शिपाई उरले नव्हते. त्याने निरोप धाडला होता, ‘खंडेनवमीला घाटातल्या देवीपुढे शस्त्रपूजेला मी येईन. वस्तीला स्वतःचं रक्षण करता येतं असं त्या दिवशी दिसलं, तर वस्ती राहील. नाहीतर सगळ्यांनी सामान आवरून खाली मैदानात यावं. दुसऱ्या दिवशी मी मोहिमेवर निघणार, मागं जिवाला घोर नको.’

‘म्या न्हाई हलायची,’ ठकूबाई म्हणाली. ‘ज्या पान्यापायी मालकांनी हाडं झिजवली, त्ये लुटारूंला देऊन खाली जाऊ? त्यापरास मला टाक्यात ढकला.’

पण ती हलणार नाही म्हणून काय झाले? एकटी म्हातारी म्हणजे वस्ती नव्हे, हे तिलाही कळत होते. म्हणून तिने ती मोडकी वस्तू घोंगडीत गुंडाळली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या मुलाकडे पाठवून दिली.

तिचा हा एकुलता मुलगा तुळाजी. लहानपणापासून त्याचे मन लाकडात आणि लोखंडात. त्याला पायथ्याच्या वृद्ध शस्त्रकारापाशी, भानजीबाबांपाशी, शिकायला पाठवायचे ठरले तेव्हा सगळी वस्ती ठकूबाईला म्हणाली, ‘अगं, नवरा गेला, एकच पोरगं, तेही दूर धाडतीस? म्हातारपणी पाणी कोण देईल?’ ती दारात उभी होती. काही बोलली नाही. फक्त दारातून बाजूला झाली आणि पोर बाहेर पडले. त्याला आता बरीच वर्षे झाली होती. पोराला मिशा फुटल्या होत्या, आणि थोडासा गर्वही.

भानजीबाबांचे हात आता कापत. नजर मात्र शाबूत होती आणि कान तर मांजराचे. त्यांची एक सवय होती. हत्यार हाती घेण्यापूर्वी ते वाकून जमिनीला हात लावीत आणि मग तो हात कपाळाला. ‘बाबा, रोज रोज काय नमस्कार घालता?’ असे तुळाजी एकदा थट्टेने म्हणाला होता. ‘रोज रोज जेवतोस ना?’ बाबा म्हणाले, आणि कामाला लागले.

घोंगडी उघडली गेली आणि गुरू-शिष्य त्या तुकड्यांवर वाकून बसले. दांड्याचे गूढ तुळाजीने लवकरच उकलले. दांडा पुढे केला की पेटी पन्हळीवरून पुढे सरकते. पेटीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक खाच आहे. धनुष्याची दोरी पेटीच्या बुडातल्या फटीतून सरकत त्या खाचेत जाऊन अडकते. दांडा मागे ओढला की पेटीबरोबर दोरीही ताणत मागे येते. आणि पेटी पार मागे आली की खालून एक लाकडी खुंटी त्या खाचेत घुसून दोरीला अलगद वर उचलते. दोरी सुटते, बाण जातो.

‘हे झालं ताणायचं आणि सोडायचं,’ तुळाजी म्हणाला. ‘पण वरचा बाण खाली कसा येत असेल, बाबा?’

‘तू सांग.’

‘कोणीतरी वरून दाबत असणार.’

‘करून बघ.’

तुळाजीने नवी पेटी केली, आत बाणांची चळत रचली आणि झाकणाखाली बांबूची एक वाकवलेली चिवट कांब बसवली, म्हणजे ती बाणांना सतत खाली रेटत राहील. दांडा पुढे केला. पेटी मधेच अडकली. जोर लावला तर खालचा बाण कडकन मोडला. मग कांब काढून त्याने वर एक दगड ठेवला. दोन बाण एकमेकांत अडकून आडवे झाले. मग मोठा दगड ठेवला. मोठा! आता याला काय म्हणावे? पण हसू नका. आपलेही असेच असते. एखादी गोष्ट अडली की पहिला विचार मनात येतो तो जोर वाढवण्याचा.

नवरात्र बसले. खंडेनवमी जवळ आली आणि तुळाजीची झोप उडाली. पेटी चालली नाही तर वस्ती उठेल, आणि आई उठणार नाही. हे दोन्ही त्याला लख्ख दिसत होते. शेवटी त्याने पेटी बाजूला आदळली.

‘जमत नाही, बाबा! वजन कमी पडतंय, का जास्त होतंय, तेच कळत नाही.’

भानजीबाबांनी एक मोडका बाण उचलून पाहिला. मग म्हणाले, ‘तुझी आई जात्यावर बसते, तेव्हा घास केवढा घालते?’

‘मूठभर.’

‘पायली शेजारी भरून असताना मूठभरच का? एकदम कोंबावं की सगळं.’

‘कोंबलं तर जातं अडेल ना! आधीचं दळून सरलं की मग पुढची मूठ.’

‘म्हणजे तुझ्या आईला ठाऊक आहे. फक्त तिच्या पोराला नाही,’ बाबा म्हणाले आणि जमिनीला हात लावून त्यांनी पेटी पुढ्यात ओढली.

त्यांनी दगड उचलून बाहेर टाकला. कांब फेकली. बाणांच्या शेपटीची पिसे तासून काढली, कारण पिसे एकमेकांत गुंततात आणि इतक्या जवळच्या नेमाला ती लागतही नाहीत. मग पटाशी घेऊन पेटीचे आतले अंग ते हळूहळू तासू लागले. हात कापत होता, पण पटाशी लाकडाला लागली की कंप कुठे जाई कोण जाणे. बाणाच्या जाडीपेक्षा केसभर रुंद, एवढीच जागा त्यांनी ठेवली. दोन बाण शेजारी शेजारी मावू नयेत आणि एकटा बाण घासू नये. मग त्यांनी पेटी बाणांनी भरली, पुन्हा कण्यावर बसवली आणि दांडा अगदी गोगलगायीच्या चालीने पुढे सरकवायला घेतला.

‘आता दोरी कुठं आहे?’

‘बाणांच्या खाली,’ तुळाजी वाकून म्हणाला.

‘बाण कशावर टेकलेत?’

‘दोरीवर.’

‘मग वरून डोंगर ठेवलास तरी तो उतरेल कुठं? त्याची जागा दोरीनं अडवलीय. तू दाबत होतास आणि तो बिचारा दोरीवर चेंगरत होता. आता नीट पाहा. दोरी मागं चालली... मागं... खाचेत बसली. पन्हळ मोकळी झाली.’

‘टप्प’ असा एक बारीक आवाज झाला. चळतीतला सर्वांत खालचा बाण शहाण्या मुलासारखा पन्हळीत उतरून दोरीपुढे पहुडला होता. बाबांनी दांडा मागे ओढला, दोरी ताणली, खुंटीने ती उचलली आणि बाण समोरच्या गवताच्या पेंढीत शिरला. पुन्हा दांडा पुढे, पुन्हा ‘टप्प’.

तुळाजी आनंदाने ओरडलाच. ‘आई शपथ! एवढंच होतं?’

‘एवढंच. पण मला सांग, बाण खाली ढकलला कोणी?’

‘कोणीच नाही.’

‘कोणीच नाही?’ बाबांनी त्याच्याकडे पाहिले. ‘बरं.’  मग त्यांनी पेटी उचलून कानाजवळ हलवली. आतले बाण खुळखुळले. ‘ऐक. चांगली पेटी बोलते. ती बोलतेय तोवर तिच्यात अडलेलं काही नाही, असं समजायचं.’

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तुळाजी धनुष्य घेऊन वस्तीवर आला. त्याचे मन भरून आले होते. आईने दृष्ट काढली, त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, पण धनुष्याला मात्र बोट लावले नाही. ‘उद्या पूजेचं हाय ते. माझा हात नगं,’ म्हणाली आणि लांबूनच पाहत राहिली. तुळाजीला वाटले, केवढे हे देणे! व्यापाऱ्याने दिले, बाबांनी घडवले, देवीने यश दिले. या सगळ्याचे उपकार मानायचे तरी कसे? मग त्याने आपल्याकडची रीत होती तीच केली. हळद-कुंकू पाण्यात कालवले आणि एकेक बाण हातात घेऊन, नमस्कार करून, त्याला टोकापासून शेपटीपर्यंत लेप दिला. दाट, भरपूर, हात न आखडता. मग बाण पेटीत रचले आणि भरल्या पेटीलाही लेप लावला. दांड्याला झेंडूची माळ गुंडाळली. आणि समाधानाने झोपला. श्रद्धा खरी असली की माणूस निर्धास्त झोपतो. मला त्याचे कौतुकच वाटते.

दुसऱ्या दिवशी देवीपुढे गर्दी जमली. तलवारी, भाले, दुधारी कट्यारी हारीने मांडल्या होत्या. त्यांना गंध लागले, फुले वाहिली, कोहळा कापला. किल्लेदार पूजा आटोपून घोड्यापाशी आला आणि म्हणाला, ‘कुठंय ते तुमचं म्हातारीनं चालवायचं धनुष्य?’

तुळाजीने ते पुढे आणले. समोर केळीचा एक जाड खांब रोवला होता. दोरी चढवून तुळाजी स्वतःच नेम धरून उभा राहिला. किल्लेदाराने हात वर केला.

‘तू नव्हे. तू तर शस्त्रांच्या दुरुस्तीला आमच्यासोबत उद्या निघणार. वस्तीत मागं जे राहणार आहेत, त्यांनी चालवून दाखवावं.’

सगळ्यांचे डोळे ठकूबाईकडे वळले. ती पार कडेला, आंब्याखाली उभी होती. शुभकार्यात पुढे व्हायचे नाही, हे विधवेला कोणी सांगावे लागत नाही. ती स्वतःच मागे उभी राहते. गर्दीतून कुजबुज झाली, ‘शस्त्रपूजेच्या दिवशी हिचा हात? अहो, दुसरी कोणी नाही का?’ पण किल्लेदार घाईत होता आणि दुसरी कोणी पुढे येत नव्हती. ठकूबाईने पदर खोचला, देवीकडे न पाहताच हात जोडले आणि दांडा धरला.

पुढे, मागे. बाण सुटला, केळीत शिरला. पोरे ओरडली.

पुन्हा पुढे, मागे. दोरी रिकामीच ‘फट’ करून वाजली. बाण नाही. तिने पुन्हा ओढले. पुन्हा ‘फट’. तिसऱ्या वेळीही तेच.

 मग कोणीतरी नको ते बोललेच, ‘सांगत होतो ना.’

आणि ठकूबाई, जी आजवर कोणाला हार गेली नव्हती, तिचा चेहरा एकदम उतरला. तिने दांडा असा सोडला, जणू तो तापलेला तवा होता. ‘माझंच पाप,’ ती पुटपुटली. ‘माझा हात लागला म्हनून इटाळलं. पोराचं येवढं कष्ट... मालकांचं पानी...’ आणि ती मागे मागे जाऊ लागली.   किल्लेदाराने एक सुस्कारा सोडला आणि रिकिबीत पाय घातला.

‘सरकार, घटकाभर थांबा,’ किल्लेदाराच्या माणसांबरोबर वर आलेल्या भानजीबाबांचा आवाज आला.

ते काठी टेकत पुढे आले. जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, पेटी काढून कानाशी नेली आणि हलवली. काही वाजले नाही. पुन्हा हलवली. पेटी मुकी झाली होती.

बाबांनी झाकण उघडून आत पाहिले. मग तुळाजीकडे पाहिले. रागाने नव्हे हो. आजोबा नातवाकडे बघतात तसे. त्यांनी एकेक बाण ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. बाण सुटता सुटेनात, कारण हळद-कुंकवाचा लेप वाळून ते एकमेकांना आणि पेटीच्या भिंतींना चिकटून बसले होते. मग त्यांनी आपले उपरणे तांब्यातल्या पाण्यात भिजवले आणि त्या बाणांवरचे कुंकू पुसायला घेतले.

पुजारी धावत आला. ‘बाबा! अहो, पूजलेल्या शस्त्राचं कुंकू पुसता? तेही नवमीला? डोकं ठिकाणावर आहे का?’

बायकांनी तोंडावर पदर घेतले. तुळाजीलाही वाटले, गुरूंचा हात धरावा. पण बाबांनी कोणाकडे लक्ष दिले नाही. सगळे बाण पुसून झाले, धोतराच्या सोग्याने कोरडे करून झाले. पेटीचे आतले अंग पुसून झाले. मग त्यांनी पूजेच्या ताटातले चिमूटभर कुंकू घेतले आणि खाली वाकून, धनुष्याखालच्या मातीला लावले. मातीला! दोन फुले वाहिली आणि हात जोडले. एखाद्याला वाटावे, म्हाताऱ्याला खरेच भ्रम झाला.

बाणांनी भरलेली पेटी त्यांनी पुन्हा कानाशी हलवली. ‘खुळखुळ’ असा आवाज आला.

‘ठकूबाई, ये.’

‘नगं बाबा. माझा हात नगं.’

‘तुझाच हात हवा. या पेटीचं मर्म जात्यावर बसणाऱ्या बाईकडूनच आलंय. ये म्हणतो ना.’

तिने भीत भीत दांडा धरला. पुढे, मागे. बाण गेला. पुढे, मागे. गेला. तिने श्वास सोडला आणि जात्याला लागावी तशी लय तिच्या हाताला लागली. टप्प आणि सूं, टप्प आणि सूं. पेटी रिकामी झाली तेव्हा केळीच्या खांबाचे साळिंदर झाले होते. पोरे नाचू लागली. किल्लेदाराने रिकिबीतला पाय काढून पुन्हा जमिनीवर ठेवला आणि हसून म्हणाला, ‘वस्ती राहिली!’

पुढची गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. लुटारू त्या साली आले होते. घाटाच्या वळणावर त्यांच्या पायांपुढे सपासप बाण रुतले आणि वरून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, ‘पानी प्यायचं आसंल तर हत्यारं खाली ठेवून या! लुटायचं आसंल तर म्होरचा बाण पायात न्हाई यायचा!’ वर केवढी फौज आहे कोण जाणे, अशी त्यांची समजूत झाली आणि ते आल्या वाटेने गेले.

पण आपण देवीपुढेच थांबू. कारण किल्लेदार थांबला होता.

‘बाबा, एक समजलं नाही,’ तो म्हणाला. ‘कुंकू बाणांना चिकटलं होतं, ते पुसलंत. ठीक. पण मग ते मातीला का लावलंत?’

भानजीबाबा ओट्यावर टेकले. त्यांचे हात पुन्हा कापू लागले होते.

‘सरकार, या पोराचा भाव खोटा नव्हता. बाण पाहून त्याचं मन भरून आलं, त्यानं बाणालाच माखलं. आपल्याला काही मिळालं की आपण असंच करतो. मिळालेल्या वस्तूला इतकं कवटाळतो, इतकं चोपडतो, की तिला हलायला जागा राहत नाही. तुळाजी, मी तुला विचारलं होतं, बाण खाली ढकलला कोणी. तू म्हणालास, कोणीच नाही. अरे, ही धरणी ओढते त्याला! तू जन्मलास तेव्हापासून ओढते आहे. तिनं कधी थांबून पाहिलं नाही, की कोणी आपल्याला हात जोडतोय का. हातातला घडा निसटून फुटला तर आपण कपाळावर हात मारतो, आणि बाण सुरळीत उतरला तर आपली हुशारी! या पेटीत मी काय केलं? तिच्या ओढीच्या आड काही येऊ दिलं नाही, एवढंच. देणारी ती. मी नुसती वाट मोकळी ठेवणारा. पण वाट मोकळी ठेवणाराही लागतोच. तो नसेल तर देणाऱ्याचं देणं मधेच अडतं.’

मग ते ठकूबाईकडे वळले. ‘आणि बाई, तुझ्या हातानं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते तुझ्या पोराच्या भक्तीनं. यापुढं कोणी काही बोललं, तर त्याला पेटी हलवून दाखव.’

जो मघाशी ‘सांगत होतो ना’ म्हणाला होता, तो गर्दीत कुठे दिसेना.

तुळाजी उभा होता तिथेच उभा राहिला. गुरूंचे एक वाक्य त्याच्या मनात फिरत होते. वाट मोकळी ठेवणाराही लागतोच. रोज जमिनीला लागणारा तो हात त्याला आठवला. आणि मग त्याला एक दार आठवले. त्या दारात उभी असलेली, एकुलत्या पोराला कवटाळून ठेवण्याचा सगळा अधिकार असलेली एक बाई. ती काही बोलली नव्हती. रडलीही नव्हती. नुसती बाजूला झाली होती. आणि तो बाहेर पडला होता, आपल्या हुशारीने आपण पुढे गेलो अशा समजुतीत इतकी वर्षे राहिला होता.

त्याने ताटातले कुंकू घेतले. मातीत गुडघे टेकले, आणि ते आईच्या दोन्ही पावलांना लावले.

ठकूबाई दचकून मागे सरली. ‘आरं! काय करतुयास? खुळा झालास का? मला... कुक्कू?’

‘कपाळाला नाही, आई,’ तुळाजी म्हणाला. ‘मी शिकायला निघालो तेव्हा तू दारातनं बाजूला झालीस ना, त्या पायांना लावलंय. तेव्हा नमस्कार करायचा राहून गेला होता.’

  भानजीबाबा खाली पाहत होते, आणि त्यांच्या दाढीतून एक थेंब ओघळून मातीत पडला.

  ठकूबाई आपल्या लाल पावलांकडे बघत राहिली. तुळाजीला वाटले, आपले काही चुकले का? लोकांपुढे आईला अवघड झाले का? त्याने बाबांचे ओले उपरणे उचलले आणि तो तिच्या पायांकडे वाकला.

तिने त्याचा हात धरला.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘ह्ये पुसू नगंस.’